इलेक्ट्रिक गाडी भरवशाची का? मोटर-बॅटरीपेक्षा बाकीच्या गोष्टींकडे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्याजवळ राहणारे एक गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे नऊ वर्षांची डिझेल हॅचबॅक आहे, रोजची धाव साधारण चाळीस किलोमीटर, शिवाय महिन्यातून दोनदा पुणे. आता गाडी बदलायची आहे. मध्यंतरी त्यांच्या साडूंची इलेक्ट्रिक गाडी खंबाटकीच्या अलीकडे अचानक बंद पडली, फ्लॅटबेडवर चढवून न्यावी लागली आणि पुढे तीन आठवडे सर्व्हिस सेंटरमध्ये पडून राहिली. तेव्हापासून घरात दोन तट पडलेत. "डिझेलइतकी भरवशाची असते का ही गाडी?" असा त्यांचा सरळ सवाल आहे.

माझं उत्तरही सरळ देतो. रस्त्यात बंद पडण्याचं प्रमाण बघितलं तर नवी इलेक्ट्रिक गाडी डिझेल-पेट्रोलपेक्षा कमी दगा देते. पण एकदा बंद पडली की ती पुन्हा रस्त्यावर यायला बराच जास्त वेळ लागतो. हा वेळ गाडीवर कमी आणि तुमच्या जिल्ह्यात हाय-व्होल्टेजचं काम येणारा माणूस आहे की नाही, पार्ट किती दिवसांत येतो, यावर जास्त ठरतो. भरवसा या एकाच शब्दात आपण या दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो, म्हणून घरातले दोन्ही तट आपापल्या जागी बरोबर असतात. मी डिझेल पंप आणि नोझलच्या कामावर हात बसवला, नंतर इलेक्ट्रिक गाड्याही गॅरेजला येऊ लागल्या, आणि दोन्हींची दुखणी रोज बघतो. त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

आधी आकडे, कारण ते उलटसुलट कानावर येतात. जर्मनीत एडीएसी नावाचा वाहनचालकांचा मोठा क्लब आहे. रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांना मदत करणारी त्यांची पिवळी गाडी तिथे सगळ्यांना ठाऊक असते. त्यांच्या २०२४ च्या नोंदींत, २०२० ते २०२२ दरम्यान रस्त्यावर आलेल्या गाड्यांपैकी इलेक्ट्रिकमध्ये दर हजारी ४.२ वेळा मदत मागवावी लागली, तर इंजिनवाल्या गाड्यांत १०.४ वेळा. याच्या बरोबर उलट चित्र अमेरिकेच्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेचं. त्यांच्या २०२३ च्या पाहणीत इलेक्ट्रिक गाड्यांच्या मालकांनी पेट्रोल गाड्यांपेक्षा ७९ टक्के जास्त तक्रारी नोंदवल्या होत्या. पुढच्या वर्षी हा फरक ४२ टक्के होता. तिसरीकडे जर्मनीतल्याच ट्यूव्ह या वाहन तपासणी संस्थेच्या सक्तीच्या तपासणीत टेस्लाची मॉडेल ३ तळाला गेली. २०२५ च्या अहवालानुसार दोन-तीन वर्षांच्या त्या गाड्यांपैकी १४.२ टक्के गाड्यांत गंभीर दोष निघाले.

तिघंही खरं सांगतात, फक्त मोजतात वेगवेगळं. एडीएसी मोजते ती गाडी रस्त्यात उभी राहणं. कन्झ्युमर रिपोर्ट्स मालकाला विचारते की वर्षभरात काय काय बिघडलं. त्यात स्क्रीन अडकणं, दाराचं हँडल बाहेर न येणं, चार्जिंग मध्येच तुटणं हे सगळं येतं. ट्यूव्ह ब्रेक, सस्पेन्शन, दिवे तपासते. तिथे मॉडेल ३ पडली ती सस्पेन्शनच्या सांध्यांवर, ब्रेक डिस्कवर आणि दिव्यांवर. मोटर किंवा बॅटरी यात कुठेच नाही. हे नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं यातूनच येतं: इलेक्ट्रिक गाडीचा जो भाग नवा आणि अनोळखी म्हणून आपल्याला भीती वाटते, तो सहसा टिकतो. त्रास देतात ते आजूबाजूचे भाग.

त्यातला पहिला मान बारा व्होल्टच्या बॅटरीचा. हो, इलेक्ट्रिक गाडीतही ती असतेच, आणि बहुतेक गाड्यांत अजून साधी लेड-ॲसिडच असते. एडीएसीच्या त्याच नोंदींत इलेक्ट्रिक गाड्या बंद पडण्यामागे निम्म्या वेळा हीच बॅटरी होती. इंजिनवाल्या गाड्यांत ४५ टक्के वेळा. आपल्याकडे चित्र फार वेगळं नाही. लोकांना हे पटत नाही. ते म्हणतात, मोठ्या पॅकमध्ये, म्हणजे गाडी ओढणाऱ्या मुख्य बॅटरीत, साठ टक्के चार्ज दिसतोय, मग गाडी चालू का होत नाही? कारण असं आहे की मोठा पॅक गाडीपासून मुद्दाम तोडलेला असतो. तुम्ही गाडी चालू करता तेव्हा बारा व्होल्टवर चालणारा संगणक जागा होतो, सगळं सुरक्षित आहे का ते तपासतो आणि मग कॉन्टॅक्टर, म्हणजे पॅक जोडणारा मोठा स्विच, ओढतो. सीटखालून जो 'टक' असा आवाज येतो ना, तो त्याचा. बारा व्होल्ट मेलं की हा टक होत नाही, आणि पॅक भरलेला असूनही गाडी जागची हलत नाही.

यात एक बारकावा आहे, आणि डिझेलवाल्यांची नेमकी तिथेच फसगत होते. डिझेल गाडीची बॅटरी मरण्याआधी आठवडा-पंधरा दिवस सांगत असते. सकाळी सेल्फ जड मारते, दिवे मंद होतात, आपण समजतो की आता बदलायला झाली. इलेक्ट्रिक गाडीत सेल्फच नाही. बारा व्होल्टच्या बॅटरीवर तसा मोठा भार कधी पडतच नाही, त्यामुळे ती अर्धमेली असली तरी संगणक जागे करण्यापुरती चालत राहते, आणि एके दिवशी तेवढंही जमत नाही. पूर्वसूचना फारशी मिळत नाही. त्यात बाहेरून बसवलेला डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, जास्तीचा हॉर्न असेल तर गाडी उभी असतानाही ती निचरत राहते. आपल्या उन्हात लेड-ॲसिड बॅटरी तीन-चार वर्षं धरा. माझा आग्रह असा की तिसऱ्या वर्षानंतर दर सर्व्हिसला लोड टेस्टरवर तपासून घ्या आणि शंका आली तर वाट न बघता बदला. लाखो रुपयांची गाडी काही हजारांच्या बॅटरीपायी घाटात उभी राहू देऊ नका.

ही बारा व्होल्टची बॅटरी चार्ज करायला डिझेलमध्ये डायनमो असतो, इथे डीसी-डीसी कन्व्हर्टर, म्हणजे मोठ्या पॅकची वीज बारा व्होल्टच्या पातळीला उतरवणारा भाग. तो गेला तर चालत्या गाडीत बारा व्होल्ट उतरत जातं, आधी धोक्याचे दिवे लागतात, मग ताकद कमी होते आणि गाडी थांबते. ह्युंदाई आयोनिक ५ आणि किया ईव्ही ६ या गाड्यांत चार्जर आणि हा कन्व्हर्टर एकाच डब्यात असतात, आणि त्या डब्यातल्या दोषासाठी २०२४ मध्ये जगभर गाड्या परत बोलवाव्या लागल्या. भारतातल्या १,७४४ आयोनिक ५ आणि १,१३८ ईव्ही ६ त्यात होत्या. या महागड्या, नावाजलेल्या गाड्या, आणि त्यांची कमजोर बाजू निघाली पॉवर इलेक्ट्रॉनिक्स. म्हणून साडूंना एक विचारा: जॉबकार्डवर नक्की कोणता पार्ट बदलला असं लिहिलंय? बारा व्होल्ट बॅटरी, कन्व्हर्टर, ऑनबोर्ड (गाडीतच बसवलेला) चार्जर, की पॅकमधला मॉड्यूल (सेलचा संच)? "गाडी बंद पडली" एवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही. डिझेल गाडी बंद पडली म्हणजे फिल्टर चोंदला की क्रँक तुटला, हे आपण विचारतोच की.

आता ज्या विषयावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे त्याकडे येतो, कारण यावर शोरूममध्ये कोणी बोलत नाही: तुमच्या घरची वीज.

माझ्याकडे "गाडी चार्ज होत नाही" म्हणून जे फोन येतात, त्यात बऱ्याचदा गाडी ठणठणीत असते आणि दोष असतो भिंतीत. गाडी चार्जिंग सुरू करण्याआधी अर्थिंग तपासते. अर्थिंग नसेल किंवा न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात व्होल्टेज जास्त येत असेल, तर ती चार्जिंग नाकारते. हा बिघाड नव्हे, तुमचा जीव वाचवण्याची सोय आहे. गावाकडच्या जुन्या घरांत अर्थिंगची वायर बोर्डापर्यंत येते आणि तिथेच संपते. नाहीतर वीस वर्षांपूर्वी मीठ-कोळसा घालून पुरलेली पट्टी उन्हाळ्यात कोरडी पडते आणि पावसाळ्यात परत काम करू लागते. म्हणून "मे महिन्यात गाडी बिघडली आणि जूनमध्ये आपोआप बरी झाली" असे किस्से ऐकायला मिळतात. मल्टिमीटर लावून बघा: चार्जिंगचा भार चालू असताना न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. दहा-पंधरा दिसत असतील तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, सर्व्हिस सेंटरला नाही.

दुसरा त्रास न्यूट्रलचा. डीपीवरची न्यूट्रलची जोडणी सैल झाली किंवा तुटली की घरातलं २३० व्होल्ट २३० राहत नाही; शेजारच्या फेजवर किती भार आहे त्यानुसार ते तीनशेच्या पुढे, चारशेच्या जवळही जाऊ शकतं. अशा रात्री घरातला टीव्ही जातो, फ्रिज जातो, आणि गाडी प्लगला असेल तर तिच्या ऑनबोर्ड चार्जरवरही तो मारा होतो. टीव्ही दुरुस्त होतो. ऑनबोर्ड चार्जर बहुतेक कंपन्या उघडत नाहीत, अख्खा बदलतात, आणि वॉरंटीबाहेर असेल तर त्याचं बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. यावर उपाय फार महाग नाही. मीटरपासून गाडीसाठी स्वतंत्र लाइन घ्या, तांब्याची चार स्क्वेअरची वायर, तिला स्वतःचा एमसीबी (जादा भार आला की तोडणारा) आणि आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा), आणि व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की तोडणारं संरक्षण. अर्थिंगचा खड्डा नवा करा. सॉकेट चांगल्या प्रतीचं, औद्योगिक वापराचं लावा. गिझरसाठी असलेला साधा पॉवर प्लग आठ-आठ तास सलग भार सोसायला बनवलेला नसतो. तो आतून करपतो, बाहेरून दिसत नाही. महिन्यातून एकदा चार्जिंग सुरू असताना प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर लगेच बंद करा.

एवढी व्यवस्था केलेल्या घरातल्या गाड्या आणि एक्स्टेंशन बोर्डावर चार्ज होणाऱ्या गाड्या यांच्या दुखण्यांत मला स्पष्ट फरक दिसतो.

आता मोठ्या बॅटरीबद्दल. लोक विचारतात, आठ वर्षांनी काय? याचं उत्तर दोन गोष्टींत आहे: पॅक थंड कसा ठेवतात आणि सेल कोणत्या जातीचे आहेत. निसान लीफची गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. २०१० च्या शेवटी आलेल्या त्या गाडीच्या पॅकला पाण्याचं कूलिंग नव्हतं. अमेरिकेत ॲरिझोनाच्या उन्हात दोन वर्षांतच मालकांची रेंज घटली, २०१२ मध्ये ओरड झाली, प्रकरण कोर्टात गेलं. "इलेक्ट्रिकची बॅटरी टिकत नाही" हा समज बऱ्याच अंशी तिथून पसरला. त्यानंतर बहुतेक कंपन्यांनी पॅकमधून कूलंट फिरवायला सुरुवात केली. आपल्याकडे जानेवारी २०२० मध्ये आलेली नेक्सॉन ईव्ही लिक्विड कूलिंगचीच होती. सध्या भारतात बनणाऱ्या अनेक गाड्यांत एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) सेल आहेत. ते उष्णता बऱ्यापैकी सोसतात आणि चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्याही जास्त देतात. वॉरंटी साधारण आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी असते, आणि काही कंपन्या आता पहिल्या मालकाला त्याहून लांब हमी देतात. मात्र हमीपत्र नीट वाचा. क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर पॅक बदलतात, गाडी विकली तर हमी पुढच्या मालकाला किती मिळते, आणि एखादी सर्व्हिस चुकली तर काय, हे तीन मुद्दे विकत घेण्याआधी लेखी मागून घ्या.

पॅक अख्खा मरणं विरळा आहे. जास्त दिसतो तो एखादा अशक्त सेल. ३२० व्होल्टचा एलएफपी पॅक म्हणजे सुमारे शंभर सेल-गट एकामागून एक जोडलेले. वीज सगळ्यांतून एकसारखी वाहते, त्यामुळे सगळ्यात अशक्त गट थकला की बीएमएस, म्हणजे पॅकवर लक्ष ठेवणारा संगणक, पूर्ण पॅकला थांबवतो. मालकाची तक्रार असते: "अठरा टक्के दाखवत होतं आणि अचानक शून्य." स्कॅनर लावून चढावर गाडी चालवली की दिसतं की बाकीचे गट ३.१५ व्होल्टच्या आसपास आहेत आणि एकच गट भार पडला की २.८ ला उतरतोय. हा खरा दोष, वॉरंटीत मॉड्यूल बदलून मिळतो. पण असाच प्रकार दोष नसतानाही होतो. एलएफपी सेलचं व्होल्टेज मधल्या बहुतेक टप्प्यात जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे संगणकाला नुसत्या व्होल्टेजवरून किती चार्ज उरलाय ते ओळखता येत नाही. तो हिशोब ठेवत जातो आणि हिशोब हळूहळू चुकतो. शंभर टक्के चार्ज करून थोडा वेळ प्लगला राहू दिलं की तो पुन्हा जुळतो आणि सेलही समान होतात. म्हणून एलएफपीवाल्यांनी, कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलं असेल तसं, आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा स्लो चार्जरवर पूर्ण भरावी. "वीस ते ऐंशीच ठेवा" हा सल्ला एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) सेलसाठी ठीक आहे; तो एलएफपीवर आंधळेपणाने लावला की हेच अठराचं शून्य होतं. आपली गाडी कोणत्या जातीची आहे हे मालकाला ठाऊक असायलाच हवं.

कारखान्यातला दोष वेगळा. शेव्हरोले बोल्ट आणि ह्युंदाई कोना यांच्या सेलमध्ये बनवतानाच खोट राहिली होती, आणि आगीच्या घटनांनंतर २०२१ मध्ये बोल्टच्या तोवर बनलेल्या सगळ्या, म्हणजे सुमारे १ लाख ४२ हजार गाड्या परत बोलवल्या गेल्या. अशा वेळी कंपनी उभी राहते की नाही हे महत्त्वाचं. रिकॉल म्हणजे कमीपणा असं मी मानत नाही. रिकॉल लपवणं वाईट.

आगीचा विषय निघालाच आहे तर थोडक्यात. २०२२ च्या उन्हाळ्यात स्कूटर पेटल्याचे व्हिडिओ फिरले, त्यातला एक पुण्यातल्या लोहगावचा होता. जूनमध्ये वसईत एक कारही पेटली. त्यानंतर केंद्राने बॅटरी सुरक्षेचे एआयएस-१५६ आणि एआयएस-०३८ हे नियम कडक करून डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू केले. पेट्रोल-डिझेल गाड्या रोज कुठे ना कुठे पेटतात, त्याची बातमी होत नाही. स्वीडनसारख्या देशांतल्या नोंदींत इलेक्ट्रिक गाड्यांचं प्रमाण कित्येक पटींनी कमी आहे. त्या गाड्या सरासरीने नव्या असतात, हेही त्यात धरायला हवं. पण इलेक्ट्रिकची आग विझायला फार वेळ आणि फार पाणी लागतं, हेही तितकंच खरं.

आता तुमच्या डिझेलकडे. तुमची नऊ वर्षांची गाडी बीएस-४ या जुन्या प्रदूषण नियमांची आहे. ती दमदार चालली असेल, यात मला शंका नाही. त्या काळातली छोटी डिझेल इंजिनं खरंच चिवट होती. पण त्या गाडीचा भरवसा नव्या डिझेलला आपोआप मिळत नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, आणि त्याबरोबर धुराच्या नळीत डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी गाळणी, आली. त्यात काजळी साठते आणि ती जाळायला साधारण सहाशे अंशांची उष्णता लागते, म्हणजे गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. तुमचे चाळीस किलोमीटर हायवेवर एका दमात होत असतील तर काही अडचण नाही. पण दूध घालून ये, मुलांना सोड, बाजारात जा, अशा तुकड्या-तुकड्यांनी होत असतील तर डीपीएफचा दिवा लागणार, काजळी जाळण्यासाठी फवारलेलं जादा डिझेल ऑइलमध्ये उतरणार आणि ऑइलची पातळी वर चढणार. हे दुखणं बीएस-४ मध्ये तुम्ही कधी बघितलंच नसेल. शिवाय छोट्या डिझेल गाड्या आता बाजारात फारच थोड्या उरल्यात. मारुतीने तर तेव्हाच डिझेल बंद केलं. तुमची खरी तुलना इलेक्ट्रिक आणि पेट्रोल यांच्यात होणार.

साधं, टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन आणि हाताचा गिअर, ही आजही सगळ्यात कमी आश्चर्य देणारी गाडी आहे. तिची दुखणी कोणत्याही तालुक्याच्या गावी ओळखतात: क्लचप्लेट, कॉइल, थर्मोस्टॅट, इंधनाचा पंप. एखादा चांगला मिस्त्री फोनवर आवाज ऐकूनही बरंच सांगू शकतो. इलेक्ट्रिक गाडीच्या मोटरला यातलं काहीच नसतं. टायमिंग बेल्ट नाही, नोझल नाही, टर्बो नाही, इंजिन ऑइल नाही. गिअरबॉक्समध्ये एकच टप्पा. मोटर आणि तिचा गिअर यांनी बहुतेक गाड्यांत मला काम दिलेलं नाही. पण तिच्या वजनाने टायर लवकर झिजतात, लिंक रॉड आणि सस्पेन्शनचे बुश खडखडायला लागतात. ब्रेक पॅड मात्र उलट कारणाने बिघडतात: रिजनमुळे, म्हणजे वेग कमी करताना मोटरच वीज बनवून गाडी रोखते म्हणून, ते फारसे वापरलेच जात नाहीत, पावसाळ्यात डिस्कवर गंज चढतो आणि कॅलिपरच्या पिना धरतात. दिवाळीच्या सर्व्हिसला पिना काढून ग्रीस करून घ्या, आणि अधूनमधून रिकामा रस्ता बघून ब्रेक जरा जोरात दाबा.

एसीबद्दल एक सूचना, जी माझ्या मते प्रत्येक इलेक्ट्रिक गाडीच्या मालकाने लिहून ठेवावी. यांचा एसी कॉम्प्रेसर थेट हाय-व्होल्टेजवर चालतो, आणि त्यात वीज न वाहू देणारं खास पीओई ऑइल असतं. नाक्यावरच्या एसीवाल्याने गॅस भरताना आपल्या नेहमीच्या मशीनमधलं पीएजी ऑइल त्यात सोडलं, तर मोटरच्या गुंडाळीचं इन्सुलेशन घसरतं. गाडी इन्सुलेशन फॉल्ट दाखवते आणि काही वेळा चालूच होत नाही. मालक म्हणतो, "मी तर फक्त गॅस भरला." तो सगळा कॉम्प्रेसर, कधी कधी पाइपसुद्धा, मग बदलावे लागतात. गॅस भरायचा असेल तर आधी एसीवाल्याला विचारा की इलेक्ट्रिक गाडीसाठी वेगळं मशीन आहे का. त्याने डोकं खाजवलं तर तिथून निघा.

पावसाचं विचाराल तर पाण्यात इलेक्ट्रिक गाडी एका बाबतीत सरस आहे. पेट्रोल-डिझेल इंजिन हवेबरोबर पाणी ओढतं, पिस्टनवर पाणी अडकतं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. चिपळूणच्या २०२१ च्या पुरासारख्या प्रसंगानंतर अशा इंजिनांच्या रांगा लागतात, आणि विम्यात इंजिनाचं संरक्षण वेगळं घेतलेलं नसेल तर खर्च खिशातून. इलेक्ट्रिकला हवा ओढायचीच नसते, पॅकही सहसा आयपी ६७ दर्जाचा, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकेल असा. पण तो दर्जा नव्या, न आदळलेल्या पॅकचा आहे. दगडावर घासून खालचा पत्रा पिचकला असेल तर तो गृहीत धरू नका. आणि गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर ती चालू करू नका, प्लगला लावू नका, घराला चिकटून ठेवू नका. आधी इन्सुलेशन मोजून घ्या. खाऱ्या पाण्यात बुडालेल्या गाड्या नंतर पेटल्याचं २०२२ च्या इयान वादळानंतर फ्लोरिडात दिसलं आहे. कोकणातल्या वाचकांनी याकडे विशेष लक्ष द्यावं.

आता त्या तीन आठवड्यांबद्दल, कारण मला खरी चीड त्याची येते. डिझेल गाडी बंद पडली की टोचन लावून जवळच्या गॅरेजला नेता येते, संध्याकाळपर्यंत बहुतेक वेळा चालू होते. इलेक्ट्रिक गाडीला टोचन लावून लांब ओढायचंच नाही. चाकं फिरली की मोटर वीज तयार करू लागते, म्हणून फ्लॅटबेड लागतो. पुढे सर्व्हिस सेंटरला नेली तर हाय-व्होल्टेजचं प्रशिक्षण घेतलेला माणूस अनेक ठिकाणी एकच, आणि तो सुट्टीवर असला तर गाडी उभी. पॅक उघडायचा तर कंपनीची मंजुरी, मग पार्ट, मग सॉफ्टवेअर जुळवणं. मी अशी एक गाडी बघितली आहे की जिच्यात दोष होता एका कनेक्टरमध्ये शिरलेल्या पाण्याचा, आणि तिचा मालक जवळजवळ महिनाभर भाड्याच्या गाडीने फिरला, कारण कोड वाचायचा अधिकार ज्या संगणकाला होता तो दुसऱ्या शहरात होता. बाहेरच्या गॅरेजला कंपन्या स्कॅनरचे कुलूप उघडून देत नाहीत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं; ते पाऊल योग्य होतं, पण मला गॅरेजमध्ये हवी असलेली माहिती अजून पूर्ण उघडी नाही. ग्राहकांनी याचा आग्रह धरला नाही तर ती उघडणारही नाही.

म्हणून शोरूममध्ये जाऊन रेंज विचारण्याआधी मागच्या दाराने वर्कशॉपमध्ये जा. विचारा: हाय-व्होल्टेजचं काम करणारे किती जण इथेच असतात? पॅक उतरवायची लिफ्ट इथे आहे का, की गाडी पुण्याला पाठवता? ऑनबोर्ड चार्जर मागवला तर किती दिवसांत येतो? गाडी आठवड्याहून जास्त अडकली तर बदली गाडी देता का, आणि ते लिहून देता का? आवारात उभ्या असलेल्या एखाद्या इलेक्ट्रिक गाडीच्या मालकाशी दोन मिनिटं बोला. या उत्तरांतून तुम्हाला जेवढं कळेल तेवढं कुठल्याही जाहिरातीतून कळणार नाही.

वापरलेली इलेक्ट्रिक घेण्याचा विचार असेल तर पॅकच्या आरोग्याचा कंपनीचा रिपोर्ट आणि लिफ्टवर चढवून पॅकच्या खालच्या पत्र्याची तपासणी, या दोन गोष्टींशिवाय इसार देऊ नका.

तुमच्यापुरतं सांगायचं तर धाव रोज चाळीस, घरी गाडी लावायला स्वतःची जागा, आणि सातारा-पुणे अंतर एका चार्जमध्ये सहज बसणारं. हा वापर इलेक्ट्रिकला अगदी साजेसा आहे आणि मी तुमच्या जागी असतो तर इलेक्ट्रिकच घेतली असती. दोन अटींवर: स्वतंत्र लाइन आणि नवीन अर्थिंग गाडी दारात येण्याआधी झालेलं हवं, आणि ज्या कंपनीच्या वर्कशॉपने वरच्या प्रश्नांना तोंडावर, स्पष्ट उत्तरं दिली त्याच कंपनीची गाडी, मग तिची रेंज दुसरीपेक्षा थोडी कमी असली तरी चालेल. मॉडेल बाजारात येऊन किमान वर्ष झालेलं घ्या, म्हणजे पहिल्या तुकडीतल्या सॉफ्टवेअरच्या खोड्या निस्तरलेल्या असतील. यातली एखादी अट जमत नसेल, म्हणजे भाड्याचं घर आहे, मालक मीटरला हात लावू देत नाही, किंवा जवळचं जाणतं वर्कशॉप शंभर किलोमीटरवर आहे, तर टर्बो नसलेली पेट्रोल गाडी घ्या आणि वर्कशॉप जवळ येईपर्यंत इलेक्ट्रिक पुढे ढकला.